सॅटचं इंग्रजी आणि मराठी घरातली मुलं : स्वल्पविराम नेमका कुठे अडतो?

अक्षरगाठ | शनिवार, रात्री ९:४२

गेली २२ वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. मागच्या ३ वर्षांपासून दर शनिवारी दुपारी चार-पाच मुलं घरी येतात. कुणाला अमेरिकेतल्या कॉलेजसाठी सॅट द्यायची असते, कुणाला दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटी, एक मुलगा कायद्याच्या प्रवेशासाठी क्लॅटच्या मागे आहे. तिन्ही परीक्षांची तऱ्हा निराळी, पण इंग्रजीत मुलं अडखळतात त्या जागा त्याच त्या. नियमांच्या पीडीएफ व्हॉट्सॅपवर ढिगाने फिरतात. मराठी घरातल्या मुलाची चूक येते कुठून, यावर मात्र कुणी बोलताना दिसत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सॅटबद्दल थोडक्यात. भारतात २०२३च्या मार्चपासून आणि अमेरिकेत २०२४च्या मार्चपासून ही परीक्षा संगणकावर होते. वाचन आणि लेखन मिळून एकच विभाग, त्याचे दोन भाग, प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षाही कमी. उतारे छोटे, २५ ते १५० शब्दांचे, आणि एका उताऱ्यावर एकच प्रश्न. आधी शब्दार्थ आणि वाचनाचे प्रश्न येतात, मग व्याकरणाचे, शेवटी दोन वाक्यं जोडणाऱ्या शब्दांचे आणि टिपणांवरून वाक्य निवडण्याचे. चुकीला गुण वजा होत नाहीत.

आता मुद्द्याकडे. हे वाक्य बघा :

'द वेल ड्राइड अप इन एप्रिल, द विमेन वॉक्ड टू माइल्स फॉर वॉटर.'

माझ्याकडच्या पाचपैकी चार मुलांना हे बरोबर वाटलं. परीक्षेत ते चूक आहे, कारण इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडत नाहीत. पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, नाहीतर स्वल्पविरामाच्या जोडीला 'सो', 'अँड' असा शब्द हवा. पण हेच वाक्य मराठीत म्हणून बघा : 'एप्रिलात विहीर आटली, बायका पाण्यासाठी दोन मैल चालू लागल्या.' काही खटकलं? उलट किती सहज आहे. आपण बोलतो तसंच, लिहितो तसंच. मुलाच्या कानात हे वाक्य जन्मापासून बरोबर आहे. त्याला 'तू निष्काळजी आहेस' असं सांगून काय उपयोग? त्याला सांगायला हवं की बाळा, मराठीत हे चालतं, इंग्रजीत चालत नाही, बघ कसं ते.

दुसरी जागा याहून अवघड. 'दोन वर्षं काचपट्ट्या तपासल्यावर तिचं मत बदललं.' निर्दोष मराठी वाक्य. तपासलं तिने, बदललं मत. कर्ता वेगळा असला तरी आपल्या '-ल्यावर'ला आणि '-ताना'ला त्याची हरकत नाही. 'घरी येताना पाऊस लागला' असं आपण रोज म्हणतो, पाऊस घरी येत होता असं कुणालाही वाटत नाही. इंग्रजीत मात्र 'आफ्टर स्टडिइंग द स्लाइड्स फॉर टू यर्स' असं म्हणून स्वल्पविराम दिला, की लगेच पुढे तपासणारी व्यक्तीच उभी राहायला हवी. तिथे 'हर ओपिनियन' आलं तर काचपट्ट्या मताने तपासल्या असा अर्थ होतो. परीक्षेतल्या चार पर्यायांपैकी तीन असेच असतात : हर ओपिनियन, द सायंटिस्ट्स थिअरी, देअर वॉज अ चेंज. आमची मुलं नेमकी त्यांतच फसतात, कारण मनात मराठी वाक्य चालू असतं आणि ते बरोबरच असतं.

तिसरी जागा क्रियापदाची. 'द बंडल ऑफ लेटर्स फाउंड इन द कपबर्ड्स', पुढे 'वॉज' की 'वेअर'? पत्रं अनेक, कपाटं अनेक, दोन्ही क्रियापदाला खेटून उभी. मुलं 'वेअर' लिहून मोकळी होतात. इथे मी मुलांना एक युक्ती शिकवते आणि ती मराठीनेच दिलेली आहे. तो सगळा तुकडा मराठीत म्हणा : 'कपाटांमध्ये सापडलेल्या पत्रांचा गठ्ठा.' मराठीत मुख्य नाम शेवटी येतं. शेवटचा शब्द गठ्ठा, तो एक, म्हणून 'वॉज'. इंग्रजी ज्या शब्दाला पुढे ठेवून विसरायला लावते, तो मराठी आपसूक क्रियापदाच्या शेजारी आणून बसवते. गेल्या वर्षी एका मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने वहीत सलग अकरा वाक्यं अशी उलटून पाहिली. अकराच्या अकरा बरोबर आली.

सांगायचं ते एवढंच की या परीक्षेची तयारी करताना मराठी बाजूला ठेवायला सांगू नका. 'इंग्रजीत विचार कर' हा सल्ला मी स्वतः कित्येक वर्षं दिला. आता देत नाही. आपल्या भाषेत वाक्य कसं उभं राहतं हे ज्या मुलाला नीट दिसतं, त्याला इंग्रजीतला फरक लवकर सापडतो.

वाचनाच्या प्रश्नांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

रानजाई | शनिवार, रात्री १०:०५

गठ्ठ्याची युक्ती फार आवडली ताई. मुलगी नववीत आहे, उद्या तिला विचारून बघते. वाचतेय.

मोडीवाचक | शनिवार, रात्री १०:३१

विरामचिन्हांवरून एक भर घालतो. आपल्याकडे ही चिन्हं मुळात नव्हतीच. जुनी मोडी कागदपत्रं पाहिलीत तर आधी आडवी रेघ ओढून घेतलेली, तिच्याखाली अक्षरं सलग लिहिलेली, दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडलेली नसते. वाक्य कुठे संपलं हे क्रियापदावरून कळतं. 'केला', 'दिले', 'पावली' आलं की थांबायचं. स्वल्पविराम, अर्धविराम वगैरे मंडळी एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकाराच्या खटपटीने मराठीत आली. म्हणजे आपल्या भाषेला त्यांची सवय पावणेदोनशे वर्षांच्या आसपासची. मराठी वाक्य क्रियापदावर थांबतं, इंग्रजी वाक्याला थांबायला खूण लागते. तुमच्या विद्यार्थ्यांना अर्धविराम परका वाटतो याचं मूळ मला यात दिसतं.

निळीशाई | शनिवार, रात्री ११:१४

ताई, हे दोन वर्षांपूर्वी वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

मोठ्या मुलाला आम्ही शहरातल्या एका नावाजलेल्या क्लासला घातलं होतं. नाव लिहीत नाही. पहिल्याच दिवशी हातात तीन हजार शब्दांची यादी ठेवली. रोज पन्नास शब्द पाठ, दर रविवारी चाचणी. पोरगं रात्री दीड-दीड वाजेपर्यंत जागून शब्द घोकायचं. बेसिनच्या आरशावर, फ्रिजवर, चपलांच्या कपाटावर चिठ्ठ्या. सहा महिन्यांनी त्याने परीक्षेच्या अधिकृत ब्लूबुक ॲपवर पहिली सराव परीक्षा दिली आणि खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, 'आई, यातलं फारसं काही आलंच नाही.' मग मी शोधायला बसले. गाळलेल्या जागी अवघड शब्द भरायचे ते जुने प्रश्न २०१६ सालीच बंद झाले होते. शब्दांच्या जोड्या जुळवायचे प्रश्न तर २००५मध्येच गेले. क्लासने वर्षानुवर्षं जुन्या नोट्स तशाच छापलेल्या. पैसे गेले त्याचं फारसं नाही, पण मुलाची अकरावीची सबंध दिवाळी त्या यादीत गेली, ते अजून मनाला लागून आहे.

कुणाचं मूल आत्ता तयारी करत असेल तर त्यांना कळकळीने सांगते : कुठेही पैसे भरण्याआधी ब्लूबुकवरची एक सराव परीक्षा फुकट देऊन बघा. खान अकादमीवरचा सरावही फुकट आहे. आधी प्रश्न कसे असतात ते डोळ्यांनी बघा.

अक्षरगाठ | रविवार, सकाळी ७:२०

निळीशाई, वाचून वाईट वाटलं. शब्दांवर प्रश्न आजही आहेत, पण त्यांचं रूप बदललं आहे. आता उताऱ्यात शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, किंवा उताऱ्यातल्या रिकाम्या जागी अर्थाने कोणता शब्द नेमका बसतो ते विचारतात, आणि बऱ्याचदा तो शब्द मुलाला माहीत असलेलाच असतो. 'क्वालिफाइड' म्हणजे पात्र, हे सगळ्यांना ठाऊक. पण 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे हातचं राखून दिलेला पाठिंबा. 'अरेस्ट' म्हणजे अटक, पण 'अरेस्टेड ग्रोथ' म्हणजे खुंटलेली वाढ. तीन हजारांच्या यादीत हे सापडत नाही. मराठीत 'पाणी' शब्द घ्या : त्याचं पाणी जोखलं, तोंडाला पाणी सुटलं, मेहनतीवर पाणी पडलं. कोशातून कुणी हे अर्थ पाठ केले का? वाचून, ऐकून आले.

@मोडीवाचक काका, 'वाक्य क्रियापदावर थांबतं' हे मी उद्याच वर्गात सांगणार. इतकी वर्षं मला ते असं मांडता आलं नव्हतं.

कुंभारवाडा | रविवार, सकाळी ९:०२

धागा चांगला आहे, पण एक मूळ प्रश्न विचारतो. ही परीक्षा घ्यावीच कशाला? १९२६ साली पहिली सॅट झाली. ती तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख कार्ल ब्रिगम यांनी त्याच्या तीन वर्षं आधी एक पुस्तक लिहिलं होतं, त्यात वंशावरून बुद्धी ठरते असलं प्रतिपादन होतं. पुढे १९३०मध्ये त्यांनी स्वतःच ते मागे घेतलं, हेही खरं. पण जन्म तिथला. नंतरही जोड्या जुळवायच्या प्रश्नांत एकदा नौकाशर्यतीचा, रेगाटाचा, संदर्भ होता. नौकाशर्यती बघत वाढलेल्या मुलाला ते येणार, बाकीच्यांना कुठून येणार? आमच्या भागातल्या मुलाला शंभर डॉलरच्या पुढची फी भरून, त्याच्या मातृभाषेत नसलेला स्वल्पविराम ओळखायला लावायचा आणि त्यावरून त्याची लायकी ठरवायची, हे मला पटत नाही.

पाऊलवाट | रविवार, सकाळी १०:४७ (इकडे शनिवारची रात्र)

कुंभारवाडा, तुमचा राग समजतो. मी टेक्सासमध्ये राहतो, दोन मुलं यातून गेली, म्हणून इकडची परिस्थिती सांगतो.

कोविडमध्ये बहुतेक कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर प्रवेश देताना आजही स्कोअर बघत नाहीत. पण बाकीच्यांतली बरीच परत वळली. एमआयटी २०२२मध्ये, डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक २०२४मध्ये, आमच्या ऑस्टिनचं विद्यापीठही २०२४मध्येच. डार्टमथचं कारण वाचण्यासारखं आहे. त्यांच्याच प्राध्यापकांनी अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की परिस्थितीने मागे असलेल्या बऱ्याच मुलांनी आपले गुण कमी समजून कळवलेच नाहीत, आणि कळवले असते तर त्यांना फायदा झाला असता. गरीब शाळेतल्या मुलाने मिळवलेला स्कोअर कॉलेज त्याच्या शाळेच्या तुलनेत बघतं, हे त्या मुलांना सांगणारंच कुणी नव्हतं.

परीक्षा न्याय्य आहे असं माझं म्हणणं नाही. पण निबंध दुसऱ्याकडून लिहून घेता येतो, शिफारसपत्रं ओळखीने मिळतात, उन्हाळ्यातली इंटर्नशिप बाबांच्या मित्राकडे होते. परीक्षेच्या खोलीत बसलेल्या मुलाला निदान स्वतःचं काही दाखवता येतं. २००५मध्ये आलेला सॅटचा निबंधही २०२१मध्ये बहुतेकांसाठी बंद झाला, तेव्हा आता लेखन तपासायचं ते या छोट्या प्रश्नांतूनच.

कुंभारवाडा | रविवार, सकाळी ११:३०

डार्टमथचं मला माहीत नव्हतं. गुण असून न कळवणारी मुलं, हे वाचून गलबललं. माझा मुद्दा सोडत नाही, पण ज्यांना ही परीक्षा द्यायचीच आहे त्यांना आधार मिळावा, यात दुमत नाही.

सई_बारावी | रविवार, दुपारी १:१५

नमस्कार मॅडम. मी नांदेड जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीयूईटी देणार आहे, दिल्ली विद्यापीठात इतिहास घ्यायचा आहे. आमच्या इथे इंग्रजीचं कुणी शिकवत नाही. सीयूईटीतही असेच व्याकरणाचे प्रश्न येतात का? आणि मला सगळ्यात जास्त भीती उताऱ्यांची वाटते. उतारा समजतो, पण पर्याय वाचले की गोंधळ होतो. दोन पर्याय बरोबर वाटतात.

अक्षरगाठ | रविवार, दुपारी ३:५०

सई, तू लिहिलंस ते फार बरं केलंस.

सीयूईटी २०२२पासून आहे. २०२५च्या पद्धतीप्रमाणे इंग्रजीच्या पेपरात ५० प्रश्न, ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ वजा, त्यामुळे सॅटसारखं अंदाजाने सगळं भरून यायचं नाही. उतारे सॅटपेक्षा मोठे आणि एका उताऱ्यावर अनेक प्रश्न. शिवाय वाक्यांचा क्रम लावणं, समानार्थी-विरुद्धार्थी, योग्य शब्द निवडणं. बाकीचे विषय तुला मराठीतूनही देता येतात हे माहीत असेलच, इतिहासासाठी विचार कर. (क्लॅटवाल्या पालकांनी वेगळा संदेश पाठवला होता, त्यांच्यासाठी : तिथे १२० प्रश्न, २ तास, साडेचारशे शब्दांच्या आसपासचे उतारे आणि चुकीला पाव गुण वजा. आणि २०२४पासून आपल्याकडे बीबीए-बीसीएसाठी जी सीईटी सुरू झाली तिच्यातही १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे.)

आता तुझा खरा प्रश्न. दोन पर्याय बरोबर वाटतात. याचं उत्तर मी एका मुलीकडून शिकले, तिच्याबद्दलच सांगते.

गेल्या जूनमधली गोष्ट. बाहेर पाऊस, वीज गेलेली, आम्ही खिडकीशी टेबल ओढून बसलो होतो. मी सरावासाठी स्वतःच एक छोटा उतारा लिहिला होता : एका गावात दोन वर्षं विहिरींची पाणीपातळी मोजली. पहिल्या वर्षी पाऊस बरा झाला, पातळी वाढली. दुसऱ्या वर्षी तेवढाच पाऊस झाला, पण उसाचं क्षेत्र दुप्पट झालं होतं, आणि पातळी घटली. प्रश्न : यावरून काय म्हणता येईल? पर्यायांत एक होता, 'शेतकऱ्यांनी ऊस लावणं थांबवावं.' दुसरा होता, 'त्या गावात पाण्याची पातळी केवळ पावसावर ठरत नव्हती.'

तिने पहिला निवडला. पेन्सिलने गोल इतका जोरात केला की कागद थोडा फाटला. मी चूक म्हटलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, 'पण मॅडम, ते खरंच आहे. आमची विहीर तशीच गेली. बाबांनी दोनदा बोअर मारली.' डोळ्यांत पाणी होतं.

मला तेव्हा उमगलं की ती उतारा वाचतच नव्हती, स्वतःची विहीर वाचत होती. तिला म्हटलं, 'तू म्हणतेस ते खरं असेल. पण या सहा ओळींनी ते सांगितलं का? ऊस थांबवावा की ठिबक करावं की अजून काही, यातलं काहीही या ओळी बोलत नाहीत. त्या फक्त एवढंच म्हणतात की पाऊस तेवढाच असून पातळी बदलली.' तिने उतारा परत वाचला. मग वहीच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहिला : 'तेवढंच.' तेव्हापासून प्रत्येक उताऱ्याच्या शेजारी ती बारीक अक्षरात 'तेवढंच' लिहिते.

सई, दोन पर्याय बरोबर वाटले की स्वतःला हे विचार. उतारा जेवढं बोलला तेवढंच कोणता पर्याय बोलतो? जो एक पाऊल पुढे जातो, 'सर्व', 'नेहमी', 'पाहिजे' म्हणतो, किंवा जगात खरा असून उताऱ्यात नाही, तो सोड. आणि पर्याय वाचायच्या आधी उत्तर मराठीत, आपल्या शब्दांत, एका ओळीत मनाशी म्हण. मग पर्यायांकडे जा. गोंधळ पर्याय करतात, उतारा करत नाही.

शिकागोची_मावशी | रविवार, संध्याकाळी ७:०८

'तेवढंच' वाचून मी दोन मिनिटं थांबले. तुमच्या त्या विद्यार्थिनीला माझे आशीर्वाद सांगा.

एसीटी, म्हणजे सॅटसारखीच अमेरिकेतली दुसरी प्रवेशपरीक्षा, तिच्याबद्दल थोडी भर. आमच्या इलिनॉयमध्ये २०२५पासून सरकारी शाळांतल्या अकरावीच्या मुलांची परीक्षा सॅटऐवजी एसीटी झाली. त्यात इंग्रजी वेगळं आणि वाचन वेगळं. इंग्रजीत सलग उतारा असतो, मधले मधले तुकडे अधोरेखित करून विचारतात, यातला कोणता पर्याय ठीक? पूर्वी ४५ मिनिटांत ७५ प्रश्न होते. आता ३५ मिनिटांत ५० केले, जरा श्वास घेता येतो. माझ्या भाच्याला सॅटचे सुटे उतारे जमेनात, कारण दर मिनिटाला विषय बदलतो, आत्ता बेडूक, लगेच कविता, पुढे अर्थशास्त्र. एसीटीत सलग वाचायला मिळतं तर तो खुलला. दोन्हींची एकेक सराव परीक्षा देऊन मगच ठरवा.

निळीशाई | रविवार, रात्री ८:२६

आमच्या धाकटीला ऍपॉस्ट्रॉफी कधीच कळत नव्हता. 'स्टुडंट'ला आधी ऍपॉस्ट्रॉफी मग एस, की आधी एस मग ऍपॉस्ट्रॉफी? ताईंचा धागा वाचून आज दुपारी सहज मराठीत लिहून दाखवलं : 'विद्यार्थ्याचे पुस्तक' आणि 'विद्यार्थ्यांचे पुस्तक'. ती बघतच राहिली. फरक आहे एका अनुस्वाराचा. एक असेल तर टिंब नाही, अनेक असतील तर टिंब. म्हणाली, 'म्हणजे एसच्या पुढचा ऍपॉस्ट्रॉफी म्हणजे आपला अनुस्वार?' चिल्ड्रन, विमेन यांना हे लागू नाही हे नंतर सांगितलं, पण पहिल्यांदाच तिचे दहापैकी नऊ बरोबर आले.

अक्षरगाठ | रविवार, रात्री ९:१०

निळीशाई, हे मी आजवर कुठे वाचलं नव्हतं. वर्गात तुमच्या लेकीचं म्हणून सांगेन.

जोडशब्दांचंही असंच करता येतं. 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोअरओव्हर', 'इन्स्टेड' असे चार पर्याय असतात आणि मुलं कानाला गोड लागेल ते घेतात. पर्याय हाताने झाकायचे. दोन वाक्यं वाचायची आणि मध्ये मराठी शब्द ठेवून बघायचा : तरीही? म्हणून? शिवाय? त्याऐवजी? मराठी शब्द चपखल बसला की मगच हात काढायचा. फक्त 'पण' आला तर सावध. 'बट'आधी स्वल्पविराम चालतो, पण दोन वाक्यं 'हाउएव्हर'ने जोडताना त्याच्याआधी नुसता स्वल्पविराम चालत नाही, अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो. यावर मुलं हमखास चुकतात, कारण दोन्हींचा मराठी अर्थ एकच. मी सांगते की हाउएव्हर म्हणजे 'मात्र' समजा. 'बायका मात्र चालत राहिल्या.' हा 'मात्र' वाक्याच्या पोटात बसतो, दोन वाक्यांना शिवत नाही. हाउएव्हरही तसाच, दोन वाक्यं शिवायची ताकद त्याच्यात नाही.

रानजाई | रविवार, रात्री ९:४४

एक शंका. सॅटचा पहिला भाग चांगला गेला तर दुसरा अवघड येतो असं ऐकलं. मग पहिल्या भागात मुद्दाम थोडं चुकावं का?

पाऊलवाट | रविवार, रात्री १०:१२

अजिबात नाही. पहिल्या भागातल्या कामगिरीवरून दुसरा भाग ठरतो हे खरं, पण सोपा भाग वाट्याला आला तर वरचे गुण हाताबाहेर जातात. दुसरा भाग अवघड वाटला तर ते चांगलं लक्षण समजायचं. माझ्या धाकट्याला हे माहीत नव्हतं, दुसऱ्या भागात घाबरला आणि शेवटचे चार प्रश्न कोरे सोडून आला. गुण वजा होत नाहीत, तेव्हा काहीतरी भरायला हवंच होतं. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

सई_बारावी | रविवार, रात्री १०:४०

मॅडम, मी आज जुन्या वर्तमानपत्रातले चार उतारे 'तेवढंच' करून सोडवले. तीन बरोबर आले. एखादं व्याकरणाचं वाक्य द्याल का?

अक्षरगाठ | रविवार, रात्री १०:५५

चारपैकी तीन, पहिल्याच दिवशी! हे घे :

'आनंदीबाई जोशी, हू अर्न्ड हर मेडिकल डिग्री इन फिलाडेल्फिया इन १८८६ ____ वॉज बॉर्न इन १८६५.'

रिकाम्या जागी काय? स्वल्पविराम, अर्धविराम, की काहीच नको?

सई_बारावी | रविवार, रात्री ११:०३

स्वल्पविराम. जोशीनंतर एक उघडला आहे, तो इथे बंद करायचा. मधला भाग काढला तरी वाक्य उभं राहतं : आनंदीबाई जोशी वॉज बॉर्न इन १८६५. म्हणजे १८८६ला त्या फक्त २१ वर्षांच्या होत्या का मॅडम? माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या.

अक्षरगाठ | रविवार, रात्री ११:०६

बरोबर. आणि हो, एकविसाव्या वर्षी; पदवी मिळाली तेव्हा २१ पूर्ण व्हायला काही दिवस बाकीच होते.

झोपायच्या आधी आणखी एक. 'द स्मेल ऑफ द फर्स्ट शॉवर्स ऑन द ड्राय फील्ड्स ____ हर ऑफ होम.' रिमाइंड की रिमाइंड्स?

सई_बारावी | रविवार, रात्री ११:०८

कोरड्या शेतांवरच्या पहिल्या सरींचा वास. वास एक. रिमाइंड्स.